मुलाची पहिली आज्ञावली



विषय विचारण्यासाठी चालकांनी आमच्याकडे माणूस पाठविला, तेव्हा त्याची समजूत अशी होती की आम्ही बंद गिरण्यांवर नाहीतर नव्या कामगार संहितांवर बोलणार. गेली तीस वर्षे आम्ही दुसरे काही बोललोच नाही, तेव्हा त्या बिचाऱ्याचे काही चुकले नाही. 'लहान मुलाला संगणकाची आज्ञावली लिहायला कसे शिकवावे' हा विषय आम्ही सांगितला. त्याने तो कागदावर उतरवून घेतला आणि मग विचारले, "पण बोलणार तुम्हीच ना?"

प्रश्न रास्त होता. आमची शाळा दहावीच्या उंबरठ्यावर सुटली. पुढचे शिक्षण झाले ते साच्यावर, युनियनच्या कचेरीत आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात. संगणकाला पहिल्यांदा हात लावला तो पन्नाशी उलटल्यावर, आणि तोही नातीने लावायला लावला म्हणून. तेव्हा या विषयातले जाणते म्हणून आम्ही येथे उभे नाही. स्वतःला जे येत नाही ते मुलाला शिकण्यास मदत करण्याचा प्रसंग ज्याच्यावर आला, अशा एका माणसाची हकीकत म्हणून हे ऐकावे. या सभेत अशी पुष्कळ माणसे बसली असतील. आणि आम्ही स्वतःला 'आम्ही' म्हणतो त्याने कोणी बिचकू नये. ही पत्रके लिहून लिहून लागलेली खोड आहे, मोठेपणाची नव्हे.

प्रकरण सुरू झाले ते २०२० सालच्या टाळेबंदीनंतर. त्या वर्षी शाळा बंद होत्या, आणि ज्याच्या त्याच्या मोबाइलवर जाहिराती येत होत्या की, मुलाला आत्ताच कोडिंग शिकवा, नाहीतर तो जन्माचा मागे पडेल. सहा-सात वर्षांची पोरे जणू लाखांची कामे करीत आहेत, अशी त्या जाहिरातींची भाषा असे. आमच्या वस्तीत ज्यांचे पगार अर्ध्यावर आले होते, अशा माणसांनीसुद्धा उसनवारी करून फी भरली. त्यांना आम्ही हसलो नाही. ज्याच्या हातचा धंदा एकदा यंत्राने नेला आहे, त्याला पोराच्या बाबतीत धाक दाखविणे फार सोपे असते.

पुढे नात तिसरीत गेली तेव्हा आम्हीही तिला एका वर्गात घातले. वर्गाचे नाव सांगण्याचे कारण नाही. तीन महिन्यांनी तिला रंगीत प्रमाणपत्र मिळाले. वहीत फळ्यावरून उतरविलेल्या चाळीस ओळी होत्या. आम्ही विचारले, "बाई, हे काय करते?" ती म्हणाली, "सर म्हणतात अन् मग एंटर दाबायचं." "पण त्याने होते काय?" "ते सरांना माहीत." चाळीस ओळींत तिची स्वतःची एकही ओळ नव्हती. आम्हाला साच्याखात्यातले दिवस आठवले. यंत्र कोणाच्या हुकमाने चालते हे न कळता त्याच्यापुढे दहा तास उभे राहणे कसे असते, ते आम्हाला पुरते ठाऊक आहे. पोरीचा वर्ग आम्ही बंद केला. आता पुढे काय, हा प्रश्न मात्र आमच्या अंगावर आला.

येथे एक कबुली द्यायला हवी. आमची चळवळ आणि हे यंत्र यांचे वैर जुने. १९६०च्या दशकात आयुर्विमा महामंडळात संगणक येणार म्हटल्यावर कलकत्त्याच्या कर्मचाऱ्यांनी तो येऊ नये म्हणून मोठा लढा दिला. बँकांत १९८३ साली संघटना आणि व्यवस्थापन यांच्यात करार झाला, तेव्हा कुठे संगणकाला दार किलकिले झाले. तो विरोध वेडेपणाचा होता असे आम्ही मानत नाही. माणसांच्या भाकरीचा तो प्रश्न होता. पण एक गोष्ट आमच्याकडून राहिली. यंत्र किती माणसांची कामे खाणार हे आम्ही विचारले. त्याला हुकूम कोण देतो, कोणत्या भाषेत देतो, आणि तो हुकूम आपल्या पोरांना देता येईल की नाही, हे कधी विचारले नाही.

वास्तविक हुकूम देण्याची ही विद्या गिरणीत आमच्या डोळ्यांसमोर होती. आपल्या हिंगणघाटला १८८१ सालापासून कापडगिरणी. या जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत कोणी ना कोणी साच्यावर उभे राहिलेले असेल. त्यांना डॉबी ठाऊक असेल. इतरांसाठी सांगतो. साध्या कापडात ताण्याचे दोरे एक वर एक खाली होतात, पण काठावर नक्षी हवी असेल तर कोणते दोरे केव्हा उचलायचे याचा हिशेब ठेवावा लागतो. हे दोरे चौकटींत ओवलेले असतात. डॉबीत लाकडी पट्ट्यांची एक साखळी असते. पट्टीला भोके, आणि काही भोकांत खुंट्या. जेथे खुंटी असेल ती चौकट वर उचलली जाते, जेथे नसेल ती खाली राहते. एक हुकूम झाला, धोटा गेला, साखळी पुढे सरकली, दुसरा हुकूम. साखळीची दोन्ही टोके जोडलेली, म्हणून शेवटच्या पट्टीनंतर पुन्हा पहिली. नक्षी अशी गजामागून गज चालते.

एकदा रात्रपाळीत आमच्या साच्याच्या साखळीतली एक खुंटी गळून पडली. सकाळपर्यंत सगळ्या तागाभर ठराविक अंतराने तोच एक दोरा चुकलेला. माणसाने विणले असते तर एकदा चुकले असते, दहादा बरोबर आले असते. यंत्र मात्र चूकही इमानाने करते. त्या तागाचे पैसे आमच्या पगारातून कापले गेले. एवढी महाग पडलेली आज्ञावली आम्ही पुन्हा पाहिली नाही.

पुढे वाचनात आले की, ही नुसती उपमा नाही, हा इतिहासच आहे. फ्रान्समधल्या लियाँ शहरात जॅकार्ड नावाच्या गृहस्थाने १८०४च्या सुमारास खुंट्यांऐवजी भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ मागाला लावली. तीच पुठ्ठ्यांची कल्पना चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणितज्ञाने आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी उचलली. त्याच्याजवळ जॅकार्डचे रेशमी विणलेले एक चित्र होते; त्याला चोवीस हजार पुठ्ठे लागले होते म्हणतात. बॅबेजचे यंत्र पुरे झाले नाही. पण ते झाले तर त्याच्याकडून एक किचकट गणित पायरीपायरीने कसे करवून घ्यावे, हे एडा लव्हलेस नावाच्या बाईने १८४३ साली छापून ठेवले. यंत्र बनण्याआधी त्याची आज्ञावली तयार झाली! याच लियाँच्या विणकरांनी १८३१ साली दराच्या प्रश्नावर उठाव केला, हेही सांगून टाकतो. नाहीतर आमचे सहकारी म्हणतील की नातीपायी चळवळ विसरला.

तर मूल शिकेल कशाने? याचे एक उत्तर आपल्या गावात फार पूर्वी दिले गेले आहे. १९३७ सालच्या ऑक्टोबरात वर्ध्यास शिक्षण परिषद भरली. गांधीजी अध्यक्ष होते. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने पुढे योजना आखली, आणि आशादेवी व आर्यनायकम् या दांपत्याने सेवाग्रामात ती चालवून दाखविली. हाताने काही उपयोगाची वस्तू करायची, आणि त्या कामाच्या पोटातून गणित, भाषा, भूगोल बाहेर काढायचा, हा त्या नयी तालीमचा गाभा. शाळेचा खर्च मुलांच्या उत्पादनातून काढावा या कल्पनेवर तेव्हाही टीका झाली, आणि मजुरांच्या बाजूने आम्हाला ती टीका बरीचशी पटते. पण पहिली गोष्ट खोटी ठरलेली नाही. सेवाग्रामच्या आवारात २००५ सालापासून आनंद निकेतन शाळा पुन्हा त्याच वाटेने चालली आहे. तिथली शेती आणि कताई ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी अवश्य पाहावी.

आता कताईचेच घ्या. जुन्या हिशेबाने सूत फाळक्यावर गुंडाळताना १६० तारांची एक लटी आणि अशा चार लट्यांची, म्हणजे ६४० तारांची, एक गुंडी. कातणाऱ्या पोराला हे पाठ. आम्ही नातीला विचारले, "गुंडी करायचा हुकूम कमीत कमी शब्दांत लिही." पहिल्यांदा तिने 'तार गुंडाळ' सहाशे चाळीस वेळा लिहावे लागेल म्हणून तोंड वाकडे केले. मग लिहिले, 'तार गुंडाळ, हे ६४० वेळा कर.' आम्ही म्हटले, "अन् लटी कोण बांधणार?" तिने बराच वेळ पेन्सिल चावली आणि लिहिले: 'तार गुंडाळ, हे १६० वेळा कर, मग लटी बांध, हे सगळे ४ वेळा कर.' फेऱ्यांच्या पोटात फेरे. संगणक शिकविणाऱ्या पुस्तकांत या धड्यापाशी थोर मुलेसुद्धा अडतात असे आम्ही पुढे ऐकले. तिला तो अडला नाही, कारण लटी बांधायची राहिली तर सूत गुंतते हे तिने हाताने पाहिले होते.

पण हे नंतरचे. सुरुवात आम्ही अंगणात केली. उन्हाळ्याची सुट्टी होती. आपल्याकडचे ऊन तुम्हाला सांगायला नको; सकाळी आठनंतर अंगण तव्यासारखे. सकाळी साडेसहाला बाजेवर बसून आम्ही नातीला म्हटले, "आज आम्ही यंत्र. डोळे मिटलेले. तुझ्या हुकमाशिवाय बोट हलवणार नाही. आम्हाला माठापर्यंत ने, पेलाभर पाणी आणव."

ती म्हणाली, "उठा. जा. पाणी आणा." आम्ही उठलो आणि उभे राहिलो. 'जा' म्हणजे कुठे, किती? ती म्हणाली, "पुढे चला." आम्ही चाललो. थांबा म्हणायचे ती विसरली आणि आम्ही तुळशीवृंदावनाला गुडघा मारून घेतला. "आबाजी, तुम्ही मुद्दाम करून राह्यले!" "नाही बाई, तू सांगितलं तेच करून राहिलो." "मग थांबले काहून नाही?" "थांब म्हटलं होतं कोणी?" ती चिडली, रडकुंडीला आली, आणि मग तिने एक गोष्ट केली ती पाहण्यासारखी होती. ती स्वतः बाजेपाशी जाऊन उभी राहिली, डोळे मिटले, आणि पावले मोजीत माठापर्यंत गेली. सात पावले, उजवीकडे वळण, चार पावले. तिसऱ्या दिवशी आम्हाला पाणी मिळाले. मधल्या दोन दिवसांत माठाऐवजी एकदा चुलीपाशी पोचलो, आणि एकदा पेला उपडा धरून पाणी ओतले. सगळे अंगण ओले, आणि सासूबाई आमच्या डोक्यावर परिणाम झाला अशा समजुतीत.

हा खेळ आम्हाला सुचला म्हणून आम्ही काही दिवस ऐटीत होतो. पुढे कळले की हाच विचार घेऊन सीमोर पॅपर्ट नावाच्या माणसाने जन्म घालविला. दक्षिण आफ्रिकेत १९२८ साली जन्मलेला हा गणितज्ञ तरुणपणी तिथल्या वर्णद्वेषाविरुद्धच्या चळवळीत होता. पुढे त्याने जिनिव्हास पियाजे यांच्यापाशी मुलांची बुद्धी कशी वाढते याचा अभ्यास केला. १९६७ साली त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत मुलांसाठी 'लोगो' नावाची संगणकभाषा रचली, आणि तिच्या हुकमाने जमिनीवर चालणारे एक यंत्र केले. त्याला ते कासव म्हणत. पुढे जा, वळ, पुन्हा पुढे जा, आणि मागे रेघ उमटत जाते. चौकोन कसा काढायचा हे मुलाला अडले, तर पॅपर्टचे सांगणे असे की, तू कासव हो आणि चालून पाहा. मूल स्वतःच्या अंगाने विचार करते. नात डोळे मिटून पावले मोजत गेली, तेव्हा तिला पॅपर्ट कोणी शिकविला नव्हता.

अंगणातून आम्ही पुठ्ठ्यावर आलो. युनियनच्या जुन्या फलकांचे पुठ्ठे कचेरीत ढिगाने पडलेले होते. ते कापून एकेकावर एकेक हुकूम मराठीत लिहिला. पुढे चल. उजवीकडे वळ. इतक्या वेळा कर. विचार. सांग. आणि येथे आम्हाला आपल्या भाषेचा मोठा उपयोग झाला. या विद्येतले जे खरे सांधे आहेत, ते मराठीत जोडीने आयते तयार आहेत. जर–तर. नाहीतर. जेव्हा–तेव्हा. जोवर–तोवर. एक शब्द उच्चारला की दुसरा यावाच लागतो, 'जर' म्हणून मूल थांबले, तर घरातले कोणीही विचारील, "मग? तर काय?" ज्या पोराला 'जोवर माठ भरत नाही तोवर पाणी ओत' हे समजते, त्याला या शास्त्राची अर्धी वाट समजली. आमची नात मराठी शाळेत आहे. इंग्रजी येत नाही म्हणून हे जमणार नाही, असे तिला त्या वर्गात ऐकावे लागले होते. इंग्रजी शब्द तिला पुढे लागले, ते तिने मोटार, बॉयलर, पंप यांसारखे उचलले. एकेका पुठ्ठ्याच्या पाठीवर तिने तो शब्द लिहून ठेवला, झाले. विचार आधी घरच्या भाषेत झालेला होता.

यंत्र आले ते सर्वांत शेवटी, पुतण्याने टाकून दिलेला एक लॅपटॉप. त्यावर अमेरिकेच्या एम.आय.टी. संस्थेने २००७ साली मुलांसाठी काढलेली 'स्क्रॅच' ही फुकट मिळणारी भाषा घातली. तिच्यात अक्षरे टंकावी लागत नाहीत. रंगीत तुकडे एकात एक अडकवायचे. पोरीने पाहिले आणि म्हणाली, "हे तर आपले पुठ्ठे!"

येथून पुढे आमचे ज्ञान संपले, आणि मोठ्या माणसाने काय करावे व काय करू नये हा प्रश्न उभा राहिला. यंत्र मुलांपुढे ठेवले की बाकी सगळे आपोआप होते, असे सांगणारे लोक आहेत. दिल्लीस काळकाजीच्या झोपडपट्टीलगत १९९९ साली सुगत मित्रा यांनी भिंतीत भोक पाडून संगणक बसविला, आणि पोरे कोणी न शिकविता तो वापरू लागली. हे जगभर गाजले. आपल्या महाराष्ट्रातही २००७ साली कर्जत तालुक्यातल्या एका धनगरवाड्यावरच्या एकशिक्षकी शाळेत प्रत्येक मुलाच्या हाती लॅपटॉप देण्याचा प्रयोग झाला. वापरणे मुले आपसात शिकतात यात शंका नाही. आमच्या वस्तीत पाहतोच आहोत. पण स्वतः काही रचायला बसले की मूल अडते, आणि अडले की यंत्र बंद करून उठते. त्या क्षणी शेजारी कोणीतरी लागते. खुद्द मित्रांनीच पुढे, २००९च्या सुमारास, विलायतेतल्या आज्यांना संगणकावरून आपल्या देशातल्या मुलांशी जोडून दिले. या आज्यांनी विषय शिकवायचा नाही. मागे उभे राहून 'अगं बाई, हे कसं केलंस, मला दाखव की' एवढेच म्हणायचे. हे वाचले आणि आमचा जीव भांड्यात पडला. एवढे आम्हालाही येत होते.

सगळ्यात अवघड गेले ते हात आवरणे. पोर चुकीचा तुकडा उचलते, आपल्याला दिसते, आणि हात आपोआप पुढे जातो. दोनतीनदा आम्ही तो तुकडा बदलला. आज्ञावली चालली, आणि नातीचे त्यातले मन उडाले. चालली ती आमची होती ना! तेव्हापासून आम्ही हात पाठीमागे बांधून बसू लागलो. विचारायचे इतकेच: "तुला काय व्हायला हवं होतं? झालं काय? कुठपर्यंत बरोबर होतं?"

चुकीला संगणकवाले 'बग' म्हणतात, म्हणजे किडा. १९४७ सालच्या ९ सप्टेंबरला हार्वर्ड विद्यापीठाच्या एका यंत्रात खरोखरीच पाकोळी अडकलेली सापडली, आणि ती नोंदवहीत चिकटवून ठेवलेली आहे. आम्हाला ही कथा सांगून नातीला समजवावे लागले नाही. ती कापसाच्या मुलुखातली. २०१७च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भात काय केले, ते तिने घरात ऐकलेले आहे. बोंड वरून हिरवेगार, गुबगुबीत. फोडल्याशिवाय अळी दिसत नाही. शेतकरी दहा-वीस बोंडे तोडून फोडून पाहतो, तसेच आज्ञावलीचे. तुकडा तुकडा वेगळा करून चालवायचा आणि कोणत्या बोंडात किडा आहे ते पाहायचे. चूक झाली म्हणजे आपण मठ्ठ, ही शाळेने घातलेली भीती या एका गोष्टीने पुष्कळ कमी झाली. "आबाजी, अळी!" असे ती ओरडायची, तेव्हा आवाजात शिकाऱ्याचा आनंद असे.

मांजर नाचविणे, चेंडू उडविणे, असे चार महिने गेले. मग तिला कंटाळा येऊ लागला. खेळ झाला, आता काय? आमच्या मनात सेवाग्राम होतेच. कोणाच्या तरी उपयोगाचे काही असल्याशिवाय हे पुढे जाणार नाही असे वाटले, आणि आमच्यापाशी उपयोगाचे म्हणून एकच काम होते. आम्ही तिला ग्रॅच्युइटीचा हिशेब दिला.

१९७२च्या कायद्यातला हा हिशेब साधा होता. शेवटचा महिन्याचा पगार, म्हणजे मूळ पगार आणि महागाई भत्ता, याला २६ने भागायचे, १५ने गुणायचे, आणि नोकरीच्या वर्षांनी गुणायचे. नोकरी निदान पाच वर्षांची हवी असे. वरचे महिने सहापेक्षा अधिक असतील तर ते पुरे वर्ष धरायचे, नाहीतर सोडून द्यायचे. पोरीने तुकडे जुळवायला घेतले आणि असे प्रश्न विचारले की, कामगार न्यायालयात वकील विचारीत नाहीत. "पाच वर्षांच्या आत मेला तर?" आम्ही म्हटले, मृत्यू झाला तर पाच वर्षांची अट नाही. "मग ते आधीच सांगायला पाहिजे ना!" आणि आणखी एक 'जर' आत घुसला. पंधरा दिवसांत आज्ञावली उभी राहिली. यंत्र पगार विचारी, वर्षे विचारी, महिने विचारी, आणि रक्कम सांगे.

आता ती पारखायची कशी? आमच्या कचेरीत एका बंद पडलेल्या कारखान्याची जुनी वही होती. त्या वेळी आम्ही स्वतः एकेचाळीस कामगारांचे दावे मांडले होते, आणि मागितले तेवढे मंजूर करून घेतले होते. हार पडले होते गळ्यात. ती वही आम्ही तिला दिली. एकेक नोंद घालायची, यंत्राची रक्कम आणि आमची रक्कम जुळते का पाहायची.

अडतीस जुळल्या. तीन जुळेनात. आम्ही म्हटले, "अळी शोध." पहिल्या दोन तिला सापडल्या. त्या दोघांची नोकरी वर्षांवर बरोबर सहा महिने होती. तिने 'सहा किंवा त्याहून अधिक' असे लिहिले होते; कायदा म्हणतो, सहाहून अधिक. एका शब्दाचा फरक. तिने तो सुधारला. तिसरी नोंद मात्र जुळेना. पगार ५,२०० रुपये, नोकरी २३ वर्षे ७ महिने. यंत्र म्हणे ७२,०००. वहीत आमच्या अक्षरात ६९,०००. आम्ही म्हटले, "अजून कुठे तरी चुकलं असेल तुझं." तासभर तिने सगळे तुकडे सुटे केले, पुन्हा जुळविले. बहात्तर. मग भीतभीतच म्हणाली, "आबाजी, तुम्ही एकदा हातानं करून पाहता का?"

आम्ही कागद घेतला. ५,२०० भागिले २६, दोनशे. गुणिले पंधरा, तीन हजार. सात महिने सहाहून अधिक, म्हणजे वर्षे चोवीस. तीन हजार चोवीस वेळा. आम्ही तेवीस धरली होती. त्या रात्री एकेचाळीस दावे संपवायचे होते, कंदिलाच्या उजेडात बसलो होतो, पण ही कारणे झाली. मालकाने एक पैसा बुडविला नव्हता. आम्ही मागितलेच तेवढे.

तो कामगार आता नाही. त्याची बायको गावातच राहते. आम्ही तीन हजार रुपये घेऊन तिच्याकडे गेलो आणि झाले ते सांगितले. नातही हट्टाने बरोबर आली. बाईने ऐकून घेतले, चहा टाकला. पैसे तिने मोजले नाहीत, हातातच धरले. मग म्हणाली, "भाऊ, त्या साली पोरीच्या लग्नाला तीनच हजार कमी पडले होते. बैल विकला आम्ही." थोड्या वेळाने म्हणाली, "तवाचे तीन हजार अन् आत्ताचे तीन हजार एकच होय का?"

आम्हाला उत्तर देता आले नाही. परतताना पोर गप्प होती. घरी आल्यावर तिने चप्पलसुद्धा न काढता लॅपटॉप उघडला आणि विचारले, "आबाजी, व्याज कसं मोजतात?" आम्ही सांगू लागलो, तर म्हणाली, "थांबा. आधी किती वर्षं झाली ते विचारायचा तुकडा लावते." सध्या तिचे ते काम चालले आहे. सरळव्याज झाले; मधल्या वर्षांचे महिने कसे धरायचे यावर आमचा दोघांचा अजून वाद आहे, आणि बाईंकडे आम्हाला पुन्हा एकदा जायचे आहे.